चित्रशाळेत फ्लॅश न लावता

चतुर्थीच्या आधीचे दीड-दोन महिने गोव्यातल्या चित्रशाळांत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडतात त्या घरांत, पाय ठेवायला जागा नसते. माशेल, डिचोली, म्हापसा, कुठेही जा, पडवीपासून मागच्या खोलीपर्यंत चिकण मातीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात: काही ओल्या, काही अर्ध्या सुकलेल्या, काहींना पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिलेला. मूर्तिकाराच्या हातांचे फोटो काढायचे तर हाच काळ, आणि उजेडाच्या हिशेबाने हाच काळ सगळ्यात वाईट. बाहेर आषाढ-श्रावणाचा काळोख, पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला बांधलेलं प्लास्टिक, आत एक-दोन ट्यूबलाइट आणि माती सुकवायला लावलेले पिवळे बल्ब. एवढ्यावरच मी दरवर्षी काम करतो, फ्लॅश घरीच ठेवून. ते कसं करतो ते लिहितो आहे.

फ्लॅश का नाही ते आधी सांगून टाकतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून सरळ पडतो आणि मातीवरचं कोरीवकाम सपाट करून टाकतो. सोंडेच्या वळ्या, सोवळ्याच्या निऱ्या, मुकुटाची नक्षी हे सगळं सावलीमुळे दिसतं. सावलीच गेली तर उरतो एक राखाडी गोळा. ओल्या मातीवर आणि सोनेरी रंगावर पांढरे ठिपके उमटतात, ते नंतर काढता येत नाहीत. आणि मूर्तिकार केसाएवढी रेघ ओढत असताना डोळ्यांसमोर लखकन उजेड झाला, तर पुढचे काही क्षण त्याला काहीच नीट दिसत नाही. छताला आपटून फ्लॅश वापरता येतो म्हणावं, तर इथे छत कुठलं? वर काळपट पडलेले वासे आणि कौलं. आपटलेला उजेड तिथेच जिरतो.

मग उजेड आणायचा कुठून? आणायचा नाहीच. मूर्तिकाराने आपली बैठक उजेड बघूनच मांडलेली असते. तो त्याच खिडकीशी, त्याच दिशेला तोंड करून वर्षानुवर्षं बसतो, कारण तिथे त्याला बारीक काम दिसतं. म्हणून आत गेल्यावर मी कॅमेरा बाहेर काढण्याआधी तो कुठे बसला आहे आणि त्याच्या हाताची सावली कुठे पडते आहे ते बघतो. उजव्या हाताने काम करणारा बहुधा उजेड डाव्या बाजूने येईल असा बसतो, नाहीतर त्याच्याच हाताची सावली कामावर पडते. डावखुरा असेल तर उलट. एवढं कळलं की आपली जागा जवळपास ठरलेली असते. 'काका, जरा इकडे वळून बसता का?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. काका सभ्य असतात, वळून बसतातही. पण मग त्यांना काम दिसत नाही, हात नुसते मूर्तीला टेकलेले राहतात आणि फोटोत ते लगेच कळतं.

इथे एक खरी अडचण आहे. मूर्तीचं तोंड मूर्तिकाराकडे असतं. समोरून फोटो काढला तर माणसाचा चेहरा आणि मूर्तीची पाठ. मागून काढला तर मूर्तीचा चेहरा आणि माणसाची पाठ. खिडकीच्या बाजूला उभं राहिलं तर दोघंही बाजूने दिसतात, पण उजेड आपल्या पाठीमागून येऊन चित्र सपाट होतं आणि वर आपण त्याचाच उजेड अडवतो. 'इल्लें कुशीक सर, उजवाड आडायतास' (जरा बाजूला सर, उजेड अडवतोयस) हे वाक्य तिथेच ऐकू येतं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला गेलं तर उजेड थेट भिंगावर येतो आणि हात काळे पडतात.

माझ्या अनुभवात दोनच जागा कामाच्या. पहिली त्याच्या डाव्या खांद्याच्या किंचित मागे, खिडकीची चौकट न अडवता. तिथून हात, कोरणी आणि मूर्तीचा चेहरा दिसतो, उजेड डावीकडून तिरका येतो आणि मातीवरचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. माणसाचा मात्र फक्त गाल आणि कानाची पाळी मिळते. दुसरी त्याच्या उजव्या हाताला, थोडी पुढे. इथे उजेड तिरका समोरून येतो, बोटांच्या आणि सोंडेच्या कडा उजळतात, चेहराही दिसतो, पण आपल्याकडची बाजू अंधारात जाते. ती उचलायला पांढऱ्या थर्माकोलचा दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा पुरतो. तो हातांपासून दोन-अडीच फुटांवर, खिडकीच्या विरुद्ध बाजूला, पाटाला टेकवून उभा करायचा. फोटोच्या चौकटीत येणार नाही इतका बाहेर, पण त्याहून लांब नाही; चार फुटांवर नेला की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. चांदीच्या कागदाचा रिफ्लेक्टर इथे नको. तो मूर्तिकाराच्या डोळ्यांत चमकतो.

चेहरे दोन्ही हवे असतील तर थांबावं लागतं. बहुतेक मूर्तिकार मूर्ती फिरत्या फळीवर ठेवतात आणि कामाप्रमाणे वळवतात. कानाची मागची बाजू किंवा पाठीमागचा लोड करायला मूर्ती वळवली की तिचा चेहरा बाहेर येतो आणि माणूस त्याच्या मागून डोकावत काम करत असतो. सगळ्यात चांगली चौकट तेव्हाच मिळते, आणि ती दिवसातून मोजक्या वेळाच येते. ती कधी येणार हे ओळखायला त्याच्या कामाचा क्रम माहीत असावा लागतो, म्हणून पहिला तास-दीड तास नुसतं बघण्यात गेला तरी तो वाया गेलेला नसतो.

उंचीचंही तेच. मूर्तिकार जमिनीवर किंवा वीतभर उंचीच्या पाटावर बसतो. उभ्याने काढलेल्या फोटोत टक्कल आणि मूर्तीचा मुकुट एवढंच येतं. आपणही खाली बसायचं, भिंग त्याच्या मनगटाच्या उंचीवर आणायचं. मांडी घालून, कोपर गुडघ्यांवर टेकवलं की तीच तिपाई. खरी तिपाई मी आत नेत नाही. मूर्तींच्या मधल्या वाटा फूट-दीड फुटाच्या, तिपाईच्या पायांना तेवढी जागा नसते, आणि सुकत आलेल्या मूर्तीची बोटं, कान, उंदराचं शेपूट हे सगळ्यात आधी मोडतं. कॅमेऱ्याचा लोंबता पट्टासुद्धा पुरेसा आहे. तो मनगटाला गुंडाळून ठेवावा. बॅग दाराबाहेर, खिशात एक जादा बॅटरी आणि पुसायला सुती फडकं. चपला तर बाहेरच जातात. जमीन ओली असते, तेव्हा बसायला सिमेंटची रिकामी पिशवी मागून घ्यावी.

घराचा स्वतःचा उजेडही ओळखून घ्यावा लागतो. जुन्या घरात कौलांत मध्येच एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. त्यातून येणारा उजेड सरळ वरून पडतो. मूर्तीचं पोट, सोंड, हात यांना तो छान, पण खाली वाकलेल्या माणसाच्या कपाळावर उजेड आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख. त्यावर उपाय जमिनीवरून. त्याच्यासमोर बरेचदा वर्तमानपत्र पसरलेलं असतंच. नसेल तर दोन-तीन पानं पसरायला सांगावं. लाल जमिनीवरून उडणारा तांबूस उजेड हनुवटीला लागतो, तोही वर्तमानपत्राने थांबतो आणि चेहरा अर्धाएक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजळतो. काही जुन्या घरांत अजून शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत. शिंपला बराच उजेड गिळतो, पण जो सोडतो तो इतका पसरलेला आणि मऊ, किंचित पिवळसर असतो की मातीच्या कामाला त्याच्याइतका दुसरा पडदा नाही. अशा खिडकीशी बसणारा मूर्तिकार मिळाला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवायचा आणि तक्रार करायची नाही.

सगळ्यात मोठा शत्रू निळं प्लास्टिक. पावसाचं झोडपणं अडवायला पडवीला निळी ताडपत्री बांधतात आणि बाहेरून येणारा सगळा उजेड तिच्यातून गाळून येतो. डोळ्यांना फारसं जाणवत नाही, कारण डोळे दहा मिनिटांत सवय करून घेतात. कॅमेरा घेत नाही. माणसाचा अर्धा चेहरा निळा आणि ट्यूबकडचा अर्धा हिरवट. व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याच्या सोयीने) एक बाजू दुरुस्त केली की दुसरी नारिंगी होते, दोन्ही एकदम सुधारत नाहीत. पावसाने उघडीप दिली असेल तर ताडपत्रीची एक कड हातभर वर सारायची परवानगी मागावी. ते शक्य नसेल तर तिच्या आतल्या बाजूला जुनी पांढरी चादर टांगावी: निळा रंग जात नाही, पण मंद होतो आणि पसरतो. तेही नसेल तर मी ताडपत्रीकडे पाठ असलेली, आतल्या खोलीतली जागा धरतो आणि फक्त ट्यूबच्या उजेडावर काम करतो. एकच वाईट उजेड चालतो, दोन वाईट उजेड एकत्र चालत नाहीत. त्याच न्यायाने, खिडकीचा उजेड पुरेसा असेल तर डोक्यावरची ट्यूब बंद करायला सांगावी. मात्र हे चहाच्या वेळी विचारायचं, हात मातीत असताना नाही.

आता आकडे. पावसाळी ढगाळ दुपारी, उघड्या खिडकीपासून तीन-एक फुटांवर मला साधारण एफ २.८ (ॲपर्चरचं, म्हणजे भिंगाच्या झडपेचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त), १/१२५ सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ) आणि आयएसओ ८०० एवढा उजेड मिळतो. खोलीच्या आतल्या टोकाला, खिडकीपासून दहा-बारा फुटांवर, तोच उजेड एफ २, १/६०, आयएसओ ३२०० पर्यंत उतरतो. म्हणजे एकाच खोलीत चार स्टॉपचा फरक. दाट ढग आला की त्यातलेही दीड-दोन स्टॉप काही मिनिटांत जातात. म्हणून पूर्ण हाताने सेटिंग करत बसण्यापेक्षा मॅन्युअल ठेवून आयएसओ ऑटोवर सोडावा, वरची मर्यादा ६४००. ॲपर्चर आणि शटर आपण ठरवायचं, ढगांचा हिशेब कॅमेऱ्याने सांभाळायचा. अलीकडच्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात ३२०० ला काही बिघडत नाही. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर १६००-३२०० पर्यंत निर्धास्त राहावं. लोक आयएसओला घाबरून ८०० वर अडतात, फोटो काळा काढतात आणि घरी उचलतात. त्यात सावल्यांतले रंगीत ठिपके जास्त येतात. ३२०० ला नीट उजळ काढलेला फोटो ८०० ला काढून दोन स्टॉप उचललेल्यापेक्षा बहुतेक कॅमेऱ्यांत स्वच्छ असतो, निदान वाईट तरी नसतो, आणि फोकस लागला की नाही हे तिथल्या तिथे पडद्यावर दिसतं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढणं इथे ऐच्छिक नाही.

शटर कामाप्रमाणे बदलतं. माती मळताना, गोळा आपटताना पूर्ण हात फिरतो. तिथे १/२५० खाली गेलं की मनगट पुसलं जातं. अंगठ्याने दाबून आकार काढणं, ओल्या ब्रशने गुळगुळीत करणं याला १/१२५ पुरतं. कोरणीने दागिने कोरताना १/८०, कधी १/६०. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय आपला हात हलला तर सांभाळते, त्याचा हात हलला तर नाही. त्यामुळे १/१५ ला मूर्ती काचेसारखी स्पष्ट आणि बोटं धुरासारखी असा फोटो निघतो. तो कधी मुद्दाम हवा असतो, पण मग माती मळताना काढावा, कोरीवकामात नाही. एक गोष्ट सवयीने कळते: हात एकसारखा हलत नाही. प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी, कोरणी उचलण्याच्या आधी, तो क्षणभर थांबतो. बटण त्या थांबण्यावर दाबायचं, तीन-चार फोटोंची छोटी सर घ्यायची. त्यातला एक हमखास धारदार निघतो, मग शटर १/६० असलं तरी.

भिंग कोणतं? ३५ आणि ५० मिमीची साधी, एफ १.८ ची भिंगं पुरतात. झूम वापरायचं तर एफ २.८ चं. कॅमेऱ्याच्या किटबरोबर येणारं, पुढे जाऊन एफ ५.६ होणारं भिंग इथे दोन-तीन स्टॉप खातं. पण एफ १.८ मिळालं म्हणून ते उघडं टाकायचं असं नाही. फुल फ्रेमवर ५० मिमी भिंगाने, एक मीटर अंतरावरून, एफ १.८ ला जेमतेम चार सेंटिमीटर खोली (पुढून मागे मोजलेली) धारदार असते. कोरणीचं टोक स्पष्ट आणि त्याच हाताचं मनगट धूसर. एफ २.८ ला ती साडेसहाच्या आसपास जाते, एफ ४ ला नऊच्या. मी सहसा २.८ वर राहतो आणि उरलेलं काम कोनाने करतो: बोटं आणि डोळे भिंगापासून सारख्या अंतरावर येतील असं बाजूला सरकायचं. वीतभर सरकल्याने जे साधतं ते एफ ८ ने साधलं असतं, आणि एफ ८ चा उजेड इथे नाहीच. ३५ मिमीने दीड मीटरवरून एफ २ ला वीसेक सेंटिमीटर मिळतात, म्हणून माणूस, मूर्ती आणि मागची रांग असा फोटो त्याच भिंगाने.

ओल्या मातीवर ऑटोफोकस चाचपडतो. सगळं एकाच राखाडी रंगाचं आणि गुळगुळीत, त्याला पकडायला कडच नसते. फोकसचा चौकोन लहान करून नखावर, कोरणीच्या धातूच्या पात्यावर किंवा ब्रशच्या पत्र्याच्या गळ्यावर ठेवावा. चेहरा ओळखणारा फोकस मात्र बंद. गणपतीवर तो सहसा जात नाही, पण शेजारी बाळकृष्ण किंवा पार्वती रंगवून ठेवलेली असेल तर कॅमेरा मूर्तिकाराला सोडून तिच्याच डोळ्यांत डोळे घालून बसतो.

ट्यूबचा आणि एलईडीचा स्वभाव वेगळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. स्वस्त एलईडी पट्ट्या आणि जुन्या चोकच्या ट्यूब यात जास्त वाईट. १/२५० ला काढलेल्या ओळीने चार फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळट येतो तो यामुळे. इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिनआवाजाचं शटर लावलं असेल तर फोटोवर आडवे पट्टे येतात. उपाय सोपा आहे: शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचे पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे जातात. १/१२५ ला ते हलके दिसतात, १/६० ला कधी दिसतात कधी नाही. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर मेकॅनिकल शटरबरोबर चालू ठेवावं. ते दिवा सगळ्यात उजळ असतानाच शटर उघडतं. पट्टे नंतर संगणकावर घालवता येतात असं सांगणारे आहेत. एक-दोन फोटोंवर करून बघा, मग बोला.

रंगासाठी राखाडी कार्ड: फोटोत त्याचा राखाडी खरा केला की बाकीचे रंगही जुळतात. ते मूर्तीच्या चेहऱ्यापाशी, चेहऱ्यावर पडतो तोच उजेड त्यावर पडेल असं धरून एक फोटो काढायचा. दिवा लागला, बंद झाला, ताडपत्री हलली, की पुन्हा. हे एरवी कंटाळवाणं काम रंगकामाच्या दिवसांत अटळ असतं, कारण मूर्तिकाराने मिसळलेला अंगाचा गुलाबी आणि फोटोतला गुलाबी यांतला फरक त्याला पहिल्या नजरेत दिसतो आणि बाकी फोटो कितीही चांगला असो, तो म्हणतो, 'हा माझा रंग नव्हे.'

नुसत्या मातीपुरतं कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर बऱ्यापैकी खरं बोलतं, कारण ओली माती मधल्या राखाडीच्या जवळपासच असते. पांढरा हात दिलेल्या मूर्ती रांगेने आल्या की ते फसतं. समोर सगळं पांढरं बघून ते उजेड कमी करतं आणि मूर्ती मळकट, माणूस काळाठिक्कर होतो. तिथे दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवायचा. सोनेरी मुकुटाच्या वेळी उलट, एक-तृतीयांश कमी, कारण सोनेरीवरचा ठिपका एकदा जळला की त्यात परत काही सापडत नाही. खिडकी चौकटीत घ्यायचीच नाही. तिच्यात आणि आतल्या हातांत सहज सहा-सात स्टॉपचा फरक असतो, आणि हात हलत असल्यामुळे तीन फोटो जोडून एक करण्याची युक्तीही चालत नाही.

डोळ्यांची आखणी हा वेगळाच भाग. ती बहुधा शेवटी, गर्दी ओसरल्यावर, पुष्कळदा रात्री होते. मूर्तिकार दिवा जवळ ओढून घेतो, करंगळी मूर्तीच्या गालाशी किंवा आडव्या धरलेल्या काठीवर टेकवतो, श्वास रोखतो आणि वरच्या पापणीची रेघ एका ओघात ओढतो. या वेळी मी चार गोष्टी पक्क्या करून मगच बसतो. शटर १/१००, बिनआवाजाचं. एफ २.८. आयएसओ त्या दिव्याच्या अंतरावर साधारण १२५० ते २०००. आणि फोकस हाताने, ब्रश टेकायच्या आधीच बाहुलीच्या जागेवर लावून ठेवलेला, कारण कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा नारिंगी दिवा लागला तर तो थेट मूर्तीच्या चेहऱ्यावर पडतो. हा दिवा मेनूतून बंद करता येतो, तो आत शिरण्यापूर्वीच बंद असावा. फोटो बघायला मागचा पडदा लागतो, त्याचाही उजेड अंधारात त्रास देतो; तो सगळ्यात मंद करावा किंवा बंद करून डोळा लावायच्या खिडकीतूनच बघावं. रेघ चालू असताना जागेवरून हलायचं नाही. जुनी फळी करकरते आणि तिच्याबरोबर रेघही हलते. दोन डोळ्यांच्या मध्ये तो मागे सरकून बघतो, तेव्हा आपण सरकायचं. डोळे आखण्याआधीचे फोटो बाहेर गेलेले काही मूर्तिकारांना आवडत नाहीत, ज्यांचा गणपती असतो त्या घरांनाही कधी आवडत नाहीत. कोणते फोटो चतुर्थीनंतरच दाखवायचे हे आधी विचारून घ्यावं.

मोबाइल असेल तरी हे सगळं बरंचसं लागू आहे. नाइट मोड बंद करावा, तो अनेक फोटो एकावर एक रचतो आणि हात दोन-दोन दिसतात. प्रो मोडमध्ये शटर १/१०० आणि आयएसओ हजारच्या आत बसतो का बघावं. बसत नसेल तर खिडकीजवळची मूर्ती येईपर्यंत थांबावं. मुख्य भिंगच वापरावं. दुप्पट-तिप्पट झूम केलं की कमी उजेडात बरेच फोन मुख्य भिंगाच्याच चित्राचा मधला तुकडा कापून देतात. त्यापेक्षा स्वतः पुढे सरकावं. पडद्यावर हातांवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे बांधले जातात, मग बोट थोडं खाली ओढून चित्र किंचित काळं करावं. आणि भिंग पुसावं, गोव्याच्या पावसात तर दर दहा मिनिटांनी.

कॅमेऱ्याची काळजीही इथली इथलीच. वातानुकूलित गाडीतून उतरून थेट आत गेलं की भिंगावर वाफ धरते. आतल्या बाजूला धरली तर पुसूनही जात नाही. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास दारात ठेवावी, मग उघडावी. सुकलेल्या मूर्तीला पॉलिश पेपर मारत असतील तेव्हा भिंग बदलायचं नाही, मातीची पूड सेन्सरवर बसते. कॉम्प्रेसरने रंग फवारतात तिथे समोर साधा फिल्टर लावावा. तो बारीक तुषार दिसत नाही, पण संध्याकाळी भिंगावर चिकट थर सापडतो आणि तो घासून काढण्यापेक्षा शंभर-दोनशे रुपयांचा फिल्टर टाकून दिलेला बरा. पावसाळ्यात घरची हवाच इतकी दमट की कपाटात ठेवलेल्या भिंगात बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि दीडशे-दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक टाकावं, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की पुरे. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतं. कातडी बॅग मात्र पावसाळाभर वापरायची नाही. बुरशीचं घरच ते.

दुसऱ्या कारागिरांकडे आकडे बदलतात, पद्धत तीच. कुंभाराचं चाक फिरतं दाखवायचं तर १/१५ ते १/३०, पण मग त्याचे तळवे मातीवर स्थिर टेकलेले असतानाच. तांब्या-पितळेवर ठोके मारणाऱ्याचा हातोडा थांबवायला १/५०० लागतं, आणि तेवढा उजेड आत नसतो. तिथे हातोडा सगळ्यात वर गेल्यावर, तो वळण्याच्या क्षणी, १/१२५ ला काम भागतं. पितळेत खिडकीचं प्रतिबिंब येतं ते टाळायला वीतभर खाली बसावं.

संगणकावर फार काही करायचं नसतं. आधी रंगीत ठिपके घालवावेत, करडे कण थोडे राहू द्यावेत. सगळे काढले तर माती मेणासारखी दिसायला लागते. ताडपत्रीचा निळा उतरवायचा तर फक्त तेवढ्या भागावर, ब्रशने मुखवटा आखून. सुकवणाऱ्या बल्बचा पिवळा मी बहुधा ठेवतो. तिथे तो खरोखरच होता. कोपऱ्यातला काळोख उचलू नये, त्यात फक्त रंगाचे डबे आणि प्लास्टिकच्या पिशव्या सापडतात.

फोटो छापून द्यायचे असतील तर मॅट कागदावर द्यावेत, आठ बाय बाराच्या आकारात, आणि काचेत बसवणार असतील तर भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट सोडून. चकचकीत कागद या हवेत वर्ष-दोन वर्षांत काचेला चिकटतो आणि सोडवायला गेलं की चेहऱ्यासकट सोलून येतो.